काजळातला ळ : आठवीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

'माझी आजी' या निबंधाच्या वह्या तपासायला घेतल्या. अकरा वह्यांत एकच चूक: 'काजल'. "आजी बाळाला काजल लावते", "आजीच्या डबीत काजल असते." ल खोडून ळ करत गेले आणि पाचव्या-सहाव्या वहीला हात थांबला. ही मुलं बोलताना काजळच म्हणतात. मधल्या सुट्टीत एकेकाला बोलतं केलं, एकानेही 'काजल' म्हटलं नाही. मग लिहिताना हा ल आला कुठून?

शेवटच्या बाकावरच्या मुलीने कंपासपेटीतून बोटाएवढी काळी कांडी काढली. "बाई, ह्याच्यावर असंच लिवलंय की." खरंच तसं छापलेलं होतं. छापलेलं ते बरोबर आणि तोंडातलं ते गावठी, असं मुलांनी मनाशी ठरवून टाकलेलं. हे मला फार लागलं.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून या वर्षी काहीतरी वेगळं करा, असं मुख्याध्यापक सांगत होतेच. सुविचारांचे तक्ते पुन्हा लावायचे नाहीत. सात आठवडे, सगळा वर्ग आणि एकच शब्द: काजळ. त्याचा अर्थ काय, तो आला कुठून, त्याचं यमक कशाशी जुळतं. आद्यकवी मुकुंदराजांच्या अंबाजोगाईत राहून शब्दासाठी एवढं करायचं नाही तर कुठे करायचं?

गुरुवार, ९ जानेवारी

वाचनालयातून कोश आणले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, सुधारलेली १८५७), दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचा 'क'चा खंड आणि कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश. मुलांना त्यांचं वजनच आधी आवडलं.

मूळ संस्कृत शब्द कज्जल. तिथून प्राकृतात कज्जल आणि मराठीत काजळ. यात दोन गोष्टी घडल्या आहेत आणि दोन्ही नियमाने घडल्या आहेत. पहिली अशी: जोडाक्षरातलं एक व्यंजन गळालं की त्याच्या आधीचा स्वर लांबतो. कज्ज चं काज झालं. फळ्यावर हस्त, हत्थ, हात लिहून दाखवलं आणि मग मुलांनीच धडाका लावला. सप्त-सात, अष्ट-आठ, कर्म-काम, दुग्ध-दूध, अद्य-आज. दूधवाल्याच्या मुलाला दुग्ध आणि दूध यांत नातं आहे हे माहीत होतं, पण ते कसं हे आज कळलं. त्याने वहीत दोन्ही शब्दांच्या मधे 'दुद्ध' लिहून भोवती चौकट केली.

दुसरी गोष्ट ळ ची. दोन स्वरांच्या मधे एकटा ल आला की मराठीत त्याचा ळ होतो. फल-फळ, कमल-कमळ, मूल-मूळ, जल-जळ. इथे मागून प्रश्न आला, "बाई, मग तेलाचं तेळ का नाही झालं?"

असा प्रश्न वर्षातून एखादेवेळी येतो. तैल चं प्राकृतात तेल्ल झालं, ल दुहेरी झाला. दुहेरी ल असेल तर मराठीत तो ल च राहतो. म्हणून तेल. मूल्य, मोल्ल, मोल. आणि सगळ्यांत सुंदर जोडी: फल एकेरी म्हणून फळ, फुल्ल दुहेरी म्हणून फूल. एकाच झाडावर दोन्ही. तसंच 'काल' आणि 'काळ'. कल्य पासून आलेला कालचा दिवस ल घेऊन आला आणि काल पासून आलेला काळ ळ घेऊन. आपली आजी हे नियम न शिकता हजार वर्षं पाळत आली आहे, असं मी वर्गात म्हणाले. हजार वर्षांची आजी म्हटल्यावर हसू आलं त्यांना, पण ते मी अगदी मनापासून बोलले होते.

म्हणजे काजळातला ळ नियमाचा आहे. गावठी अजिबात नाही. हा ळ मराठीचा एकटीचाही नाही, गुजरातीतही काजळच आहे. हिंदीने तो ठेवला नाही, म्हणून तिथे काजल. त्या भाषेत ते बरोबरच. कांडीवरचं नाव हिंदी आहे, एवढंच.

सोमवार, १३ जानेवारी

भोगी. निम्मा वर्ग गैरहजर. उच्चाराचं तेवढं करून घेतलं. मराठीत ज दोन. 'जरा थांब' मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा मुलांना लागोपाठ म्हणायला लावला. जीभ कुठे टेकते ते बोट लावून बघा म्हटलं. काजळातला ज थांबायला सांगणाऱ्या 'जरा'तला, दाताजवळचा. हिंदीतल्या काजल मधला तो नाही. दोन अक्षरांच्या फरकाने तोंडाची सगळी ठेवणच बदलते.

शनिवार, १८ जानेवारी

आज घरी काजळ धरलं. सहा मुली आणि दोन मुलगे आले होते. 'काजळ करणं' नाही, 'काजळ धरणं'. हे क्रियापदही आत्याबाईंनीच, म्हणजे माझ्या सासूबाईंनीच, दुरुस्त केलं. त्या अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, गुडघे दुखतात, पण आज ओट्यावर पाट टाकून बसल्या त्या दोन तास उठल्या नाहीत.

मातीची पणती, करडईचं तेल, घरच्या कापसाची जाड वात. दोन बाजूंना दोन विटा, त्यांवर पितळेचं ताट पालथं. मी आपली वात छान सारखी केली, ज्योत स्थिर लागली. आत्याबाई म्हणाल्या, "आगं, देवापुढं लावायलीस का? वात वर घे. त्यानं धुपलं पायजे, नुसतं जळून उपेग नाही." वात वर ओढली, ज्योत लांब आणि लाल झाली, तिचं टोक ताटाला टेकलं. "हां. आता हात लावू नको."

पाऊण तासाने ताट उचललं. मधोमध तळहाताएवढं मखमलीसारखं काळं वर्तुळ. बोट टेकवलं तर बोटाचे ठसे काळ्यात उमटले आणि बोटावर वजन काहीच जाणवलं नाही. एका मुलाने जवळ जाऊन श्वास सोडला आणि निम्मं काजळ उडून त्याच्या शर्टावर बसलं. दुसऱ्यांदा धरावं लागलं. मग खिडकी लावून घेतली, पंखा बंद. दुसऱ्या वेळचं काजळ विड्याच्या पानाच्या देठाने खरवडलं, कांस्याच्या वाटीत घेतलं, वर साजूक तुपाचे दोन थेंब. बोटाने घोटत गेलं की करडा रंग जाऊन काळा चढत जातो. दोन तासांच्या धरणीतून निघालं ते चिंचोक्याएवढं.

आत्याबाईंकडे अजून पितळेची काजळाची डबी आहे, झाकणाला फिरकी असलेली. ती त्यांना लग्नात आली होती. डबीत सध्या शिलाई मशीनच्या सुया होत्या. त्या काढून डबी पुसून ठेवली. काजळ भरताना म्हणाल्या, "माय म्हणायची, लेकराला काजळ घालताना जोराचा हात नसावा." एवढंच बोलून त्या गप्प झाल्या. कुणीच बराच वेळ काही बोललं नाही.

सोमवार, २० जानेवारी

विज्ञानाच्या सरांना शनिवारचं सांगितलं, त्यांनी तास दिला. पणतीची ज्योत पिवळी का दिसते? तेलातला कार्बन पूर्ण जळायच्या आधी त्याचे बारीक कण तापून चमकतात, तो हा पिवळा उजेड. ज्योतीच्या बाहेरच्या कडेला हवा मिळाली की हे कण जळून जातात. ताट मधे आलं की कण जळायच्या आधीच गार होतात आणि ताटाला चिकटतात. वात वर ओढली की तेल जास्त चढतं, हवा पुरत नाही, म्हणून काजळ जास्त. म्हणजे आपण जे खरवडलं ते मघाशी उजेड देत होतं. हे वाक्य सरांचं. मुलांनी ते तक्त्यावर घ्यायचं ठरवलं.

गुरुवार, २३ जानेवारी

काजळाची भावंडं. 'डोळ्यात अंजन घालणे' हा वाक्प्रचार वर्गाला ठाऊक होता, पण त्यातलं अंजन म्हणजे नक्की काय ते कुणाला सांगता येईना. संस्कृतात अञ्ज् म्हणजे माखणे, चोपडणे. त्यापासून अंजन. अभि जोडलं की अभ्यंग, म्हणजे दिवाळीत पहाटे उटणं-तेल लावून जे स्नान होतं ते. नि: जोडलं की निरंजन, ज्याला डाग नाही असा. वि जोडलं की व्यंजन. लॅटिनमध्ये मलम चोपडण्याचा जो धातू आहे, तोही याच जुन्या कुळातला. क, ख, ग शिकवताना रोज तोंडी येणारं 'व्यंजन' आणि डोळ्यातलं अंजन एका घरातले, हे कळल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी नुसती बघत राहिली.

देवघरातलं निरांजन मात्र या घरातलं नाही. ते नीराजन, म्हणजे ओवाळणं, या शब्दावरून आलं. कान फसवतो. तरीही निरांजनाने छताला काजळी धरते आणि निरंजनाला काजळी लागत नाही, ही गंमत मुलांनी टिपून ठेवली.

अंजन आणि काजळ यांचं काम बोलण्यात वाटून दिलेलं आहे. अंजन झोंबतं आणि डोळे उघडतं. काजळ झोंबू नये अशी अपेक्षा असते. गुरुगीतेतला 'ज्ञानाञ्जनशलाकया' हा श्लोक पाठ असलेली दोन मुलं निघाली. त्यातली शलाका म्हणजे आपली सळई. सुरम्याची असो की स्लॅबची.

सोमवार, २७ जानेवारी

घरोघर काजळाला काय म्हणतात ते विचारून आणायला सांगितलं होतं. देगलूरहून बदलून आलेल्या कर्मचाऱ्याच्या मुलाच्या घरी आई तेलुगू बोलते: काटुक. उदगीरकडच्या मुलीच्या आजीकडे कानडी: काडिगे. एकीची मावशी वाशीमला दिलेली, ती म्हणते 'काजय', 'डोयात काजय घाल'. वऱ्हाडीत ळ चा य होतो. मुलं हसायला लागली तेव्हा मी थांबवलं. ळ चा य करणारी मावशी आणि ळ चा ल छापणारी कांडी यांत फरक आहे. मावशीचा य तिच्या बोलीच्या अंगातून आलेला आहे, तिथे केळीची केयी होते, काळ्याचा काया होतो, सगळं एका ओळीत होतं. आपल्या वहीतला ल आपल्या इथल्या बोलीत नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

परभणीला तुराबुल हक साहेबांचा उरूस सुरू झाला. तिथे आजोळ असलेल्या मुलाने कालच्या गर्दीतून सुरम्याची कुपी आणली, काचेची, आत सळई. सुरमा फारसी वळणाचा शब्द. निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत राहिलेल्या या मुलखात तो घरचाच झाला आहे. काजळ म्हणजे दिव्याची काजळी, सुरमा म्हणजे दगडाची भुकटी. दिसायला सारखे, जात वेगळी.

अरबीत याच भुकटीला कुह्ल म्हणतात, अल लावलं की अल-कुह्ल. युरोपातल्या रसायनवाल्यांनी हा शब्द आधी अगदी बारीक भुकटीसाठी घेतला, मग कुठल्याही वस्तूच्या अर्कासाठी, आणि सोळाव्या शतकात पॅरासेल्ससच्या काळापासून द्राक्षासवाच्या अर्कासाठी. शेवटी अर्कच उरला, भुकटी गेली. तो अल्कोहोल. सॅनिटायझरच्या बाटलीवरचं नाव डोळ्यात घालायच्या पुडीतून निघालं, यावर वर्गाचा विश्वास बसायला दहा मिनिटं लागली.

मस्काऱ्याचंही विचारलं मुलींनी. तो इटालियन-स्पॅनिश मुखवट्याच्या शब्दावरून आला. मुखवट्याचा तो शब्द अरबी मस्खरा, म्हणजे विदूषक, याच्यापासून आला असं बरेच अभ्यासक मानतात, सगळे नाही. आपली मस्करी मात्र नक्की त्याच मस्खऱ्याची. म्हणून तक्त्यावर मस्कारा आणि मस्करी यांच्यामध्ये तुटक रेघ काढली, सरळ नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कालपासून एक गोष्ट मनात टोचत होती. अंगणवाडीच्या ताईंना बोलावलं आणि आधी मुलांना, मग चार वाजता आलेल्या आयांना त्यांनी सांगितलं: तान्ह्या बाळाच्या डोळ्यात काजळ किंवा सुरमा घालायचा नाही. सुरम्याचा दगड पुष्कळदा गॅलेना असतो, म्हणजे शिशाचं गंधकाशी झालेलं संयुग, आणि शिसं लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीला मारक. घरच्या काजळात शिसं नसलं तरी बोटाची घाण असते, बाळाचे डोळे येतात, अश्रूंची बारीक नळी असते तिथे जंतू शिरतात. काजळाने डोळे मोठे होत नाहीत.

आत्याबाईंना हे घरी सांगायचं मला अवघड जात होतं. मीच सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग तीट तर लावू द्याल का न्हाई? तळपायाला?" तळपायाला लावायला कुणाची हरकत नाही. सुरम्याची कुपी बंद करून कपाटात वरच्या खणात ठेवली, प्रदर्शनात फक्त बघायला.

सोमवार, १० फेब्रुवारी

अर्थांच्या तक्त्याचं काम. शेतातला अर्थ दोन मुलांनी आणला. कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते, त्या रोगाला कृषी सहायक काणी म्हणतात, एकाचे आजोबा काजळी म्हणतात. "कणीस फोडलं की हाताला काजळी." ज्वारीच्या बियाण्याला पेरणीआधी किलोला चार ग्रॅम ३०० मेश गंधक चोळलं की ती येत नाही, हे त्या मुलाला प्रमाणासकट पाठ होतं.

त्याच दिवशी वैद्यांकडून एक मुलगी विचारून आली की पारा आणि गंधक खलात घोटत राहिलं की दोन्हींचे रंग जाऊन काळी भुकटी होते, तिला रसशास्त्रात कज्जली म्हणतात. एकीकडे गंधकाने काजळी जाते, एकीकडे गंधकाने कज्जली होते. दोन्ही मुलांना शेजारी बसवलं.

बाकीचे अर्थ: कंदिलाच्या काचेवरची काजळी, वातीची झाडायची काजळी, मनावरची काजळी, काजळलेली संध्याकाळ. रत्नागिरीची काजळी नदी. संस्कृत कोशात कज्जल म्हणजे मेघसुद्धा. जुने कोशकार कज्जल ची फोड कद् + जल, वाईट पाणी, अशी करतात. उत्तरेकडे पावसाळ्यात म्हणतात त्या गीतांना कजरी म्हणतात, तिथेही काळा ढग आणि डोळ्यातलं काजळ एकमेकांच्या जवळच आहेत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

गालबोट.

या एका शब्दाला अख्खा तास गेला, आणखी एक दिला असता. गोऱ्या-गोमट्या बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका लावतात, दृष्ट लागू नये म्हणून. सगळं चांगलं असताना मुद्दाम एक उणं ठेवायचं. पण वर्तमानपत्रात 'मिरवणुकीला गालबोट' असं येतं तेव्हा अर्थ उलटा: चांगल्या चाललेल्या गोष्टीला डाग लागला. आजीचं गालबोट राखण करतं, वर्तमानपत्रातलं गालबोट नासवतं. ठिपका तोच.

मुलांनी घरून पंधरा दिवसांची वर्तमानपत्रं आणली होती. चार ठिकाणी गालबोट सापडलं, चारही ठिकाणी भांडण किंवा दगडफेक. मग मी विचारलं, चांगल्या अर्थाचं गालबोट कुठे लिहिलेलं दिसतं का? कुठेच नाही. ते फक्त घरात बोललं जातं. छापील अर्थ आणि घरातला अर्थ असे दोन झाले आणि छापील बळकट झाला, अगदी काजल-काजळासारखं. शेवटच्या बाकावरच्या मुलीने हे स्वतःहून म्हटलं. महिन्याभरापूर्वी तिनेच कांडी दाखवली होती.

सोमवार, १७ फेब्रुवारी ते शुक्रवार, २१ फेब्रुवारी

यमकांचा आठवडा. बुधवारी शिवजयंती, म्हणून चारच दिवस मिळाले.

सुरुवातीला मुलांनी जमेल ते फळ्यावर लिहिलं: जवळ, सरळ, नारळ, गोंधळ, मंगळ. नुसता शेवटचा ळ जुळला म्हणजे यमक नाही. जात्यावर बसल्यासारखं दोन ओळी म्हणून बघा, कान थांबतो तिथे यमक. मग शब्दांचे तीन ढीग केले.

लांबचे: वादळ, कातळ, पातळ, बाभळ, वाकळ. आ, मग कुठलंही व्यंजन, मग अळ. स्वर जुळतात, चाल जुळते.

जवळचे: ओंजळ, मृगजळ, उजळ. यांत जळ येतं.

आणि अगदी सख्खं, आजळ च्या आजळ जुळणारं? दोन दिवस कुणाला सापडेना. बुधवारच्या सुट्टीनंतर गुरुवारी दूधवाल्याचा मुलगा आला तो धापा टाकत. "बाई, पाजळ! बा म्हणतो न्हाई का, लई अक्कल पाजळू नको!"

पाजळणे. कोश उघडला. पाजळणे म्हणजे पेटवणे, दिवा लावणे. शस्त्राला धार लावणेही. मूळ संस्कृत प्रज्वल्, प्राकृतात पज्जल, मराठीत पाजळ. कज्जल-काजळ, पज्जल-पाजळ, एकाच वाटेने चालत आलेले दोघे. आणि उजळ? उज्ज्वल पासून. तोही ज्वल् चाच. म्हणजे काजळाचं सख्खं यमक दिवा लावणं आहे आणि जवळचं यमक उजेड पडणं आहे. मी वीस वर्षं शिकवते आहे, हे मला ठाऊक नव्हतं. वर्गातच डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

एका मुलाने विचारलं, "मग कद् + जल कशाला? कद् + ज्वल म्हणा की. वाईट जळणं, धुपणं." आत्याबाईंचं 'धुपलं पायजे' त्याच्या कानात होतं. ध्वनींच्या नियमात हे बसतं. तरी तक्त्यावर जुन्या कोशातली फोड शाईने लिहिली आणि त्याची पेन्सिलने, खाली 'वर्गाचा तर्क' असं लिहून.

शुक्रवारी ओव्या केल्या. दोन ठेवून घेतल्या.

पणती पाजळ, माय, पणती पाजळ
पालथ्या ताटाला धरू दे काजळ

आणि शेवटच्या बाकावरून:

डोळ्याला काजळ, रित्या हाताची ओंजळ
पाणी म्हणता म्हणता निघालं मृगजळ

तिच्या वस्तीवर फेब्रुवारीपासून टँकर लागतो. तिला मी 'रित्या' काढून बघ म्हटलं, ओळ हलकी होईल. ती म्हणाली, राहू द्या बाई. राहू दिलं. तिचंच बरोबर आहे.

शेवटी एक प्रयोग केला. फळ्याच्या डाव्या बाजूला 'काजल' लिहून त्याची यमकं काढायला सांगितली. क्षणात आली: बादल, पायल, घायल, आँचल. सगळी गाण्यातली, सगळी हिंदी. उजव्या बाजूला 'काजळ': वादळ, बाभळ, वाकळ, ओंजळ, पाजळ. मुलं बराच वेळ दोन्ही बाजू बघत राहिली. एक अक्षर बदललं की शब्दाचं गणगोत बदलतं. हिंदी गाण्यात काजल गोडच वाटतो. पण आपल्या आजीच्या डबीत बादल आणि घायल नव्हते. तिच्या भोवती बाभळ होती, वाकळ होती, सकाळी पाजळायचा दिवा होता. ळ वर मी अडून बसते ती यासाठी. लाल शाईची हौस म्हणून नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. सकाळी परळीला वैजनाथाच्या दर्शनाची रांग. पुढे कुणीतरी शिवमहिम्न स्तोत्र म्हणत होतं. किती वर्षं ऐकते आहे, पण आज बत्तिसावा श्लोक कानात अडकला: असितगिरिसमं स्यात् कज्जलं सिन्धुपात्रे. काळ्या डोंगराएवढं काजळ, समुद्राची दौत, कल्पवृक्षाच्या फांदीची लेखणी, पृथ्वीचा कागद, आणि शारदा सतत लिहीत राहिली तरी तुझे गुण लिहून संपणार नाहीत.

कज्जल म्हणजे शाई! सात आठवडे डोळा, दिवा, शेत, खल सगळं धुंडाळलं आणि हाताशी असलेला अर्थ राहून गेला. जुनी शाई काजळाचीच, बाभळीच्या डिंकात घोटलेली. संतकवी दासोपंतांनी आमच्याच गावात कापडाच्या पासोडीवर 'पंचीकरण' हे काव्य लिहिलं, ती मुलांना मागच्या वर्षी दाखवली होती, तेव्हाही मी लेखनाबद्दल बोलले, शाईबद्दल नाही.

रांगेतूनच तीन घरी फोन केले. संध्याकाळी डिंक घेऊन चौघंजण आली. डिंक कोमट पाण्यात विरघळवला, फडक्याने गाळला. आत्याबाईंच्या डबीतल्या काजळात तूप होतं, त्याची शाई होईना, पाण्यावर तरंगायला लागलं. पुन्हा पणती, पुन्हा विटा, पुन्हा ताट. या वेळी वात कुणी किती वर घ्यायची ते सांगावं लागलं नाही. रात्री साडेनऊला खलात घोटून दोन चमचे शाई झाली. बोरूला धरते, जरा पसरते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

प्रदर्शन दहा वाजता. तक्ते सहा, पितळेची डबी, विटा-पणती-ताट जसंच्या तसं, सुरम्याची कुपी काचेआड. मधल्या मोठ्या कागदावर मथळ्याची जागा कोरी ठेवली होती. शेवटच्या बाकावरच्या मुलीने बोरू घेतला. का लिहिला, ज लिहिला, थांबली, बोरू पुन्हा बुडवला आणि ळ काढला. खालची गाठ थोडी फुटली, शाई पाझरली. कुणीतरी टिपकागद पुढे केला, तिने हातानेच नको म्हटलं.

आत्याबाईंना खुर्ची दिली होती, त्या बसल्या नाहीत. कागदाजवळ जाऊन वास घेतला. "दिव्याचाच हाय," म्हणाल्या.

वाळायला पाऊण तास लागला. उरलेली शाई औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवली आहे, वर चिठ्ठी लावून. नववीत गेल्यावर वही हीच मुलं पुढे चालवणार, त्यांनी पुढचा शब्दही ठरवला: कुंकू.